आकाशाचे दार उघडणारे फादर यूजीन लाफों (१८३७-१९०८)



येशूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांना देवदूताने सांगितली. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना मात्र ती एका ताऱ्याने सांगितली. प्रकटीकरणाच्या सणाला आपण हा प्रसंग दरवर्षी ऐकतो. त्यातली एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. तो तारा त्यांना दिसला, कारण त्यांना वर पाहण्याची सवय होती. त्याच रात्री तेच आकाश यरुशलेमच्या डोक्यावरही होते; परंतु हेरोदाच्या राजवाड्यात कोणी मान वर केली नव्हती.

मान वर करून पाहण्याची ही सवय आपल्या देशातील एका मोठ्या शहराला लावणाऱ्या धर्मगुरूची ओळख आज करून घेऊ या. त्यांचे नाव फादर यूजीन लाफों. त्यांच्या नावावर कोणताही नवा तारा नाही, कोणताही शोध नाही. तरीही भारतातील आधुनिक विज्ञानाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळता येत नाही. असे का, हे त्यांच्या जीवनावरूनच समजते.

बेल्जियम ते कलकत्ता

यूजीन लाफों यांचा जन्म २६ मार्च १८३७ रोजी बेल्जियममधील मॉन्स या गावी झाला. सतराव्या वर्षी, म्हणजे १८५४ साली, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. शिकणे आणि शिकवणे हे येशूसंघाच्या जीवनाचे दोन्ही भाग त्यांच्या वाट्याला लवकर आले. त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि त्यानंतर नामूर येथे भौतिक विज्ञानाचा. उपकरणे हाताळण्यात आणि प्रयोग करून दाखवण्यात त्यांचा हात चांगला होता.

त्याच सुमारास बेल्जियमच्या येशूसंघीयांनी बंगालच्या मिशनची जबाबदारी घेतली होती. १८६० साली त्यांनी कलकत्त्यात सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले. पार्क स्ट्रीटवरच्या ज्या जागेवर हे कॉलेज उभे राहिले, तेथे पूर्वी सां सुसी नावाचे नाट्यगृह होते. ४ डिसेंबर १८६५ रोजी लाफों कलकत्त्यास पोहोचले. तेव्हा त्यांचे वय होते अठ्ठावीस वर्षे. जुन्या नाट्यगृहाच्या त्या जागेवर पुढे अनेक वर्षे ते विज्ञानाचे प्रयोग दाखवत राहिले आणि नाटकाला यावी तशी माणसे ते पाहायला येत राहिली!

त्या काळी आपल्याकडे विज्ञान शिकवले जाई ते बहुधा पुस्तकातून. गुरुत्वाकर्षणाचा नियम पाठ करायचा, परीक्षेत लिहायचा आणि विसरून जायचा. विद्यार्थ्याच्या हाती भिंग, लोलक किंवा तापमापक क्वचितच पडे. लाफों यांना हे पटणारे नव्हते. त्यांनी कॉलेजात प्रयोगशाळा उभी केली, युरोपातून उपकरणे मागवली आणि विद्यार्थ्यांना पाहायला, मोजायला आणि मग विचार करायला शिकवले.

वादळाची चाहूल

कलकत्त्यात आल्यावर थोड्याच काळात त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर हवामान पाहण्याची तात्पुरती सोय केली. हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा यांची रोज नोंद ठेवायची, एवढेच ते काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटले असेल. पण कलकत्ता शहर तीन वर्षांपूर्वीच मोठ्या संकटातून गेले होते. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळात आणि समुद्राच्या लाटेत सुमारे साठ हजार माणसे दगावली होती.

१८६७ च्या नोव्हेंबरच्या प्रारंभी लाफों यांच्या वायुभारमापकातील पारा वेगाने खाली येऊ लागला. हवेचा दाब असा उतरतो तेव्हा वादळ जवळ येत असते. रोजच्या नोंदी हाताशी असल्यामुळे हा उतार नेहमीचा नाही, हे त्यांना लगेच कळले. त्यांनी अधिकाऱ्यांना सावध केले. वादळ आले, परंतु आधी सूचना मिळाल्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदवहीचे मोल शहराला त्या दिवशी समजले. भारत सरकारचा हवामान विभाग स्थापन झाला तो त्यानंतर, १८७५ साली.

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना येतो, अनाथाश्रम येतो. रोज न चुकता पाऱ्याची उंची लिहून ठेवणे हीदेखील शेजाऱ्यावर केलेली प्रीती होऊ शकते!

सूर्यासमोरून गेलेला शुक्र

९ डिसेंबर १८७४ हा दिवस जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे आधीच ठरवून ठेवला होता. त्या दिवशी शुक्र ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून जाणार होता. याला शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. सूर्याच्या तेजस्वी बिंबावरून एक लहानसा काळा ठिपका काही तास सरकत जातो. अशी अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने दोन होतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे होत नाहीत. यापूर्वीचे अधिक्रमण १७६९ साली झाले होते. तुमच्यापैकी अनेकांनी ८ जून २००४ किंवा ६ जून २०१२ रोजी ते पाहिले असेल. ज्यांचे राहून गेले त्यांना आता संधी नाही, कारण पुढचे अधिक्रमण २११७ साली आहे.

या ठिपक्याचे एवढे महत्त्व कशासाठी? पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिले तर शुक्र सूर्यबिंबावरून थोड्या वेगळ्या रेषेने जाताना दिसतो. त्या फरकावरून पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येते. ते अंतर सुमारे पंधरा कोटी किलोमीटर आहे. आज ही संख्या शाळेतले मूलही सांगते. ती पक्की करण्यासाठी तेव्हा माणसे जहाजांतून जगाच्या टोकापर्यंत गेली होती.

इटलीहून पिएत्रो ताक्कीनी या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक तुकडी बंगालमधील मुद्दापूर येथे आली. लाफों त्यांच्यात सामील झाले. या तुकडीचे वेगळेपण असे की तिने वर्णपटदर्शक वापरला. प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखे रंग पसरतात आणि त्या रंगांमधील बारीक रेषांवरून प्रकाश कोणत्या वायूतून आला हे ओळखता येते. शुक्राभोवतीच्या वातावरणात पाण्याची वाफ असावी, अशा खुणा त्यांना दिसल्या. आज आपल्याला ठाऊक आहे की ते वातावरण मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे आहे आणि पाण्याची वाफ त्यात अगदी नाममात्र आहे. पण ग्रहाचा प्रकाश पाहून त्याची हवा कशाची असेल असा प्रश्न विचारण्याची ती सुरुवात होती, आणि आपल्या देशातील एका कॉलेजचे फादर त्यात होते.

गच्चीवरील वेधशाळा

ताक्कीनी यांना सूर्याच्या अभ्यासाची ओढ होती. रोम येथील येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांच्यासह त्यांनी इटलीत वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था १८७१ मध्ये सुरू केली होती. फादर सेक्की हे ताऱ्यांचे त्यांच्या वर्णपटांवरून वर्ग पाडणारे थोर शास्त्रज्ञ. हा अभ्यास वाढीस लागण्यामागे भारतात दिसलेले एक सूर्यग्रहण होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया आपल्या दक्षिण कोकणावरून पूर्व किनाऱ्याकडे गेली होती. गुंटूर येथे ते पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांच्या लक्षात आले की सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळा पाहायला ग्रहणाची गरजच नाही. वर्णपटदर्शकाने त्या दुसऱ्या दिवशीही दिसतात. मग सूर्यावर रोज लक्ष ठेवता येणे शक्य झाले.

रोज लक्ष ठेवायचे तर आकाश निरभ्र हवे. हिवाळ्यात इटलीचे आकाश ढगाळ असते, बंगालचे मोकळे असते. ताक्कीनी यांनी लाफों यांना सुचवले की कलकत्त्यात सूर्याची वेधशाळा उभारावी. लाफों यांनी ही कल्पना उचलून धरली. त्यांनी लोकांपुढे हात पसरला आणि काही आठवड्यांतच पुरेसा निधी उभा राहिला. १८७५ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या गच्चीवर घुमट उभा राहिला आणि त्याखाली मोठी दुर्बीण बसली.

या वेधशाळेतून संशोधनाचे फार मोठे नाव झाले नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. सूर्याचे रोजचे वेध घ्यायचे तर एका माणसाने त्यालाच वाहून घ्यायला हवे. लाफों यांच्यामागे वर्ग होते, कॉलेजचे रेक्टरपद होते, विद्यापीठाच्या सभा होत्या, जाहीर व्याख्याने होती. स्वतःच्या नावासाठी शोध लावायचा की इतरांना पाहायला शिकवायचे, हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज येत असणार. त्यांच्या दिवसाचे तास कोठे गेले ते पाहिले की उत्तर मिळते. ते इतरांसाठी गेले.

मित्र डॉक्टर आणि एक मोठा वाद

कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार नावाचे नामांकित वैद्य होते. पाश्चात्त्य वैद्यकात उच्च पदवी मिळवून ते होमिओपॅथीकडे वळले आणि त्यासाठी त्यांना सहव्यावसायिकांचा बहिष्कार सोसावा लागला. पुढे रामकृष्ण परमहंसांवर उपचार करणारे डॉक्टर ते हेच. १८६९ साली त्यांनी कल्पना मांडली की भारतीयांनी चालवलेली, भारतीयांच्या पैशावर उभी असलेली विज्ञानाची एक संस्था असावी. ही कल्पना प्रत्यक्षात यायला सात वर्षे लागली. या सात वर्षांत त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहणाऱ्यांत फादर लाफों होते.

संस्था उभी राहण्याआधी एक वाद झाला. तो आजही विचार करण्याजोगा आहे. शहरातील काही वजनदार मंडळींचे म्हणणे होते की गरीब देशाला शुद्ध विज्ञान परवडत नाही. लोकांना कारागिरी शिकवा, यंत्रे चालवायला शिकवा, म्हणजे त्यांना पोट भरता येईल. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु लाफों आणि सरकार यांना त्यातला धोका दिसत होता. दुसऱ्याने शोधलेले यंत्र चालवायला शिकलेला माणूस नेहमी त्या दुसऱ्याच्या मागेच राहील. भारतीयांनी स्वतः निसर्गाला प्रश्न विचारावेत, स्वतः शोध लावावेत, अशी लाफों यांची भूमिका होती आणि ती त्यांनी जाहीर सभेत मांडली. राज्यकर्त्यांपैकी पुष्कळांचा समज होता की हिंदी माणसाला काव्य जमेल, कायदा जमेल. अचूक विज्ञान जमणार नाही. अशा काळात एका युरोपीय धर्मगुरूने उलट बाजू घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८७६ साली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली. बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचे तिला पाठबळ मिळाले. हेच टेंपल पुढच्या वर्षी आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आले.

या संस्थेत लाफों यांनी दीड दशकाहून अधिक काळ नियमित व्याख्याने दिली, तीही मोबदला न घेता. व्याख्यान म्हणजे नुसते बोलणे नव्हे. काळोख्या सभागृहात मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांतून चंद्रावरचे डोंगर आणि सूर्यावरचे डाग पडद्यावर उमटत. टेलिफोन, फोनोग्राफ, क्ष-किरण अशी युरोपातली नवी नवलाई कलकत्त्याच्या अनेक नागरिकांनी पहिल्यांदा पाहिली ती लाफों यांच्या टेबलावर. श्रोत्यांत हिंदू होते, ब्राह्मो होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. कोणाचाही धर्म बदलावा म्हणून ही व्याख्याने नव्हती. त्या सर्वांनी सृष्टीकडे नीट पाहावे एवढीच अपेक्षा होती.

विद्यार्थी मोठा झाला तेव्हा

सेंट झेवियर्समध्ये लाफों यांच्या हाताखाली जगदीशचंद्र बोस नावाचा एक विद्यार्थी शिकला. भौतिकशास्त्राची गोडी त्याला येथेच लागली. इंग्लंडमध्ये शिकून १८८५ साली परतल्यावर बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पण हिंदी म्हणून त्यांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला. तीन वर्षे त्यांनी पगार न घेता शिकवले आणि अखेर पूर्ण पगाराचा हक्क मिळवला. १८९५ साली त्यांनी तारेविना विद्युतलहरी पाठवण्याचे प्रयोग कलकत्त्यात लोकांसमोर करून दाखवले.

पुढे बिनतारी संदेशासाठी मार्कोनी यांचे नाव जगभर झाले. तेव्हा म्हातारे होत चाललेले फादर लाफों आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहिले. बोस यांची उपकरणे घेऊन त्यांनी प्रयोग दाखवले आणि हे काम बोस यांनी आधी केले आहे, असे जाहीरपणे मांडले. शिष्याचे श्रेय शिष्याला मिळावे म्हणून झटणारा गुरू विरळाच!

१८८० साली सरकारने लाफों यांना सी.आय.ई. हा किताब दिला. विज्ञानाला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात योग्य जागा मिळावी म्हणून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्रदीर्घ प्रयत्न केले. १९०८ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी १० मे रोजी दार्जिलिंग येथे त्यांनी देह ठेवला. एक्काहत्तर वर्षांच्या आयुष्यातील बेचाळीसहून अधिक वर्षे त्यांनी या देशाला दिली होती.

डॉ. सरकार १९०४ सालीच निवर्तले होते. अखेरच्या काळात संस्थेकडे फारसे तरुण फिरकत नाहीत याची त्यांना खंत होती. पण १९०७ साली अर्थखात्यात नोकरीला लागलेला एक तरुण कलकत्त्यात आला आणि कचेरीच्या आधी आणि नंतर या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी ज्या शोधाची घोषणा केली, त्याच्या प्रयोगांत सूर्याचा प्रकाश एकवटण्यासाठी १८ सेंटिमीटर व्यासाचे दुर्बिणीचे भिंग वापरले होते. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो दिवस आपण आजही राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. ज्या संस्थेसाठी एका वैद्याने आणि एका धर्मगुरूने लोकांची दारे ठोठावली, तिच्याच छताखाली हे घडले. पेरणारा एक, कापणारा दुसरा!

श्रद्धा आणि दुर्बीण

आपल्या धर्मग्रामातील तरुण कधी कधी विचारतात, फादर, चर्चने तर गॅलिलिओला शिक्षा केली, मग चर्चचा आणि विज्ञानाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. १६३३ साली गॅलिलिओवर अन्याय झाला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्यावर नेमलेल्या समितीचे काम पूर्ण झाल्यावर ही चूक मोकळेपणाने मान्य केली. ती झाकण्याचे कारण नाही. पण ती सारी कथा नव्हे. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारलेल्या, आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे येशूसंघीय क्लाव्हियस यांचे गणित आहे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला आरंभ होता, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे लाफों यांच्याच बेल्जियममधील धर्मगुरू होते. आणि कलकत्त्याच्या गच्चीवर आमचे फादर लाफों होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी आम्हाला सांगितले गेले की ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याच्या मते तत्त्वज्ञानाचा जन्म आश्चर्यातून होतो, आणि माणसाला आश्चर्य वाटायला लावणाऱ्या गोष्टींत त्याने चंद्र, सूर्य आणि तारे गणले. प्रार्थनेचा जन्मही तेथेच होतो, असे मला वाटते. स्तोत्रकर्त्याने रात्रीचे आकाश पाहिले आणि त्याला दोन गोष्टी एकदम जाणवल्या: आपण किती लहान आहोत, आणि तरीही देवाला आपली किती आठवण आहे. दुर्बिणीने ही जाणीव कमी होत नाही, उलट वाढते. आश्चर्य हे श्रीमंत देशांचे किंवा शिकलेल्यांचे वतन नाही. गरीब देशातील मुलालाही निसर्गाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. फादर लाफों आयुष्यभर झटले ते याच हक्कासाठी.

आपण काय करू शकतो?

त्यांच्या वेधशाळेची पुढे अनेक वर्षे हेळसांड झाली. अलीकडच्या काळात कॉलेजने ती पुन्हा उभी केली आहे. आपल्याला घुमट बांधायचा नाही. पण आपल्या मुलांपैकी किती जणांना मृग नक्षत्र ओळखता येते? आपल्या आजोबांना कृत्तिकेचा पुंजका ठाऊक होता, ध्रुवतारा ठाऊक होता. रात्री समुद्रात जाणारे आपले कोळी बांधव ताऱ्यांवरून दिशा ओळखत. आता इमारतींच्या दिव्यांनी आकाश पुसट झाले आहे, आणि आपली मान वर जाण्याऐवजी मोबाइलवर खाली वाकली आहे.

हिवाळ्यातील एखाद्या अमावास्येच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल तेव्हा, अंगणातील दिवे अर्धा तास बंद करा. मुलांना घेऊन गच्चीवर किंवा समुद्रकिनारी जा. मृगाचे तीन तारे एका ओळीत शोधा. धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल निघणार असेल तर ती एकदा वरळीच्या नेहरू तारांगणात न्या. मुलांना सांभाळून सांगा की सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा साध्या दुर्बिणीने कधीही पाहू नये. आणि मुलाने एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर शोधायला बसा. तुमच्या घरातील तो प्रश्न उद्या कोठवर जाईल हे आज कोणाला ठाऊक आहे? लाफों यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त दार उघडून ठेवले.

परमेश्वर, जो ताऱ्यांची गणती करतो, तो तुम्हा सर्वांना आणि तुमच्या मुलाबाळांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू